तान्हुल्याच्या हाताची खूण

तीन-चार महिन्यांच्या मुलाचा तळहात रंगांत किंवा ओल्या मातींत दाबून त्याचा ठसा घ्यावा, त्यावर तारीख घालावी आणि ती वस्तु 'बाळानें बाबांसाठीं केलेली भेट' म्हणून वडिलांच्या हातीं द्यावी, असा एक प्रघात अलीकडे आपल्या शहरांतील घरांतूनही दिसूं लागला आहे. कोणी कणकेंत मीठ घालून ती घट्ट भिजवितात, तिच्यावर पाऊल उमटवून ती वाळवितात; कोणी पांढऱ्या कापडावर कुंकवाचीं पावलें घेतात. हें पाहून एखादा चिकित्सक गृहस्थ हंसून म्हणतो, "अहो, ज्याला स्वतःची मूठ उघडतां येत नाहीं, त्यानें भेट ती काय केली? केलें तें सारें आईनें; बाळाचें नुसतें नांव!" त्यावर दुसरा भर घालतो कीं, हें सारें पाश्चात्त्यांचें अनुकरण असून बाजारानें लावून दिलेलें वेड आहे. दोन्ही आक्षेप वरवर बिनतोड वाटतात. परंतु इतिहासांत थोडें मागें गेलें म्हणजे त्यांचें उत्तर मिळतें. आणि तें शोधण्याजोगें आहे, कारण या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूच्या मागें वियोग आणि मृत्यु या दोन मोठ्या दुःखांची छाया उभी आहे.

जपानच्या उत्तरेस होक्काइदो नांवाचें मोठें बेट आहे. त्याच्या दक्षिण भागांत, हाकोदाते शहराच्या हद्दींत, समुद्रकांठच्या उंचवट्यावर काकिनोशिमा हें प्राचीन वसतिस्थान उत्खननांत उघडकीस आलें. तेथें जोमोन संस्कृतीचे लोक राहत. शिकार, मासेमारी आणि रानांतील फळें यांवर त्यांची गुजराण चाले. शेती नसतांही ते एके ठिकाणीं घर करून राहत, आणि मातीचें काम त्यांना उत्तम येई. या लोकांच्या थडग्यांत भाजलेल्या मातीच्या लहान लहान पाट्या सांपडल्या असून त्यांवर तान्ह्या व लहान मुलांच्या पावलांचे, क्वचित् हातांचे, ठसे स्पष्ट उमटलेले आहेत. या पाट्या सहा हजार वर्षांहून अधिक जुन्या आहेत. पाटीला भोंक पाडलेलें असतें. अर्थात् दोरी ओंवून ती टांगतां यावी हा हेतु. अभ्यासकांचा तर्क असा कीं, मूल दगावलें म्हणजे त्याच्या पावलाचा ठसा मातींत घेऊन आईबाप तो घरांत टांगून ठेवीत, आणि पुढें आईबापांपैकीं कोणी वारलें म्हणजे ती पाटी त्याच्याबरोबर पुरीत. उत्तर जपानमधील ज्या सतरा जोमोन स्थळांना २०२१ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत काकिनोशिमाचा समावेश आहे.

आमच्या मतें या पाट्यांपुढें दुसरा आक्षेप टिकत नाहीं. जेथें बाजार नव्हता, लिपि नव्हती, नाणें नव्हतें, तेथेंही कोणीतरी माती मळली, तिच्यावर एक चिमुकलें पाऊल हलक्या हातानें दाबलें, आणि कोणीतरी तो ठसा मरेपर्यंत सांभाळला. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या पाट्यांवर हातांपेक्षां पावलेंच अधिक दिसतात. ज्या माउलीनें तान्ह्याचा तळहात उघडण्याची खटपट केली असेल तिला याचें नवल वाटणार नाहीं. तळव्याला कांहीं लागलें कीं तें घट्ट धरावयाचें, ही अर्भकाची उपजत प्रवृत्ति पहिले कांहीं महिने टिकते. मातीचा ठसा घेऊं गेल्यास मूल मातीच मुठींत धरून बसतें. पाऊल मात्र बिचारें निमूटपणें उमटूं देतें. ही अडचण त्या जोमोन आईबापांनाही पडली असेल अशी कल्पना केल्यास ती फारशी चुकीची ठरूं नये.

तेथून एकदम एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या राजवाड्यांत येऊं. महाराणी व्हिक्टोरिया व प्रिन्स आल्बर्ट यांना नऊ अपत्यें झालीं. थोरली राजकन्या १८४० च्या नोव्हेंबरांत जन्मली तेव्हां आल्बर्टनें राणीला एक सांखळी दिली. पुढें प्रत्येक अपत्याच्या जन्मानंतर तींत मिन्याचें एकेक बदामी पदक वाढत गेलें व प्रत्येक पदकांत त्या त्या बाळाचे केस ठेवले गेले. १८४७ सालीं थोरल्या राजकन्येचा पहिला दुधाचा दांत पडला, तो आल्बर्टनें थिसलच्या आकाराच्या सोन्यामिन्याच्या एका दागिन्यांत फुलाच्या जागीं बसवून घेतला. मेरी थॉर्निक्रॉफ्ट या शिल्पकार स्त्रीकडून राणीनें आपल्या तान्ह्या मुलांचे हातपाय संगमरवरांत कोरून घेतले. ते आजही वाइट बेटावरील ऑस्बोर्न प्रासादांत कांचेखालीं पाहावयास मिळतात. मोठी हौस, मोठें कौशल्य. परंतु सोनाराचा आणि शिल्पकाराचा हात मध्यें आलेला. संगमरवरांतील तो हात बाळासारखा आहे, पण बाळानें केलेला नाहीं. श्रीमंतीला जें साधलें नाहीं तें दारिद्र्यानें कसें साधलें, हें पुढील उदाहरणावरून दिसेल.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ सालीं सुरू झालें. दक्षिणेकडील बंडखोर राज्यांनीं १८६२ च्या एप्रिलांत सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला. प्रथम वयोमर्यादा अठरा ते पस्तीस होती. त्याच वर्षीं ती पंचेचाळिसांवर नेली, आणि १८६४ च्या फेब्रुवारींत सतरापासून पन्नासापर्यंतचा प्रत्येक गोरा पुरुष तींत ओढला गेला. गुलाम बाळगणारे बडे जमीनदार मोजके. सैन्यांत भरले ते बहुतेक लहान शेतकरी, कारागीर, लेकुरवाळे बाप. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागांतील अशाच एका बापाला त्याच्या पत्नीनें १८६४ सालीं पाठविलेलें पत्र त्या राज्याच्या दप्तरखान्यांत जतन केलेलें आहे. नवरा आघाडीवर, मागें घरीं मूल झालेलें, बापानें तें पाहिलेलें नाहीं. छायाचित्र काढण्याची ऐपत कोठून असणार? त्या माउलीनें बाळाचा हात कागदावर ठेवला, भोंवतीं रेघ ओढली आणि तो कागद पत्रांतून धाडून दिला.

त्या रेघेनें काय सांगितलें असेल? 'मूल सुखरूप आहे' हें शब्दांनींही सांगतां आलें असतें. पण मूल केवढें आहे, हें शब्दांना सांगतां येत नाहीं. कागदावरील त्या इवल्याशा आकृतीवर बापाला आपला राठ पंजा ठेवून पाहतां येतो. आणि ज्या अपत्याशीं त्याची अजून ओळखही नाहीं, त्याच्या हाताला हात लागल्याचा भास तरी होतो. त्या युद्धांत सहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील किती बापांनीं आपलें शेवटचें मूल कधींच पाहिलें नसेल, हें कोणत्याही कोष्टकांत नमूद नाहीं. पेन्सिलीची एक रेघ एवढाच ज्या भेटीचा खर्च, तिची किंमत या हिशेबानें करावयाची असते.

आतां पहिल्या आक्षेपाकडे वळूं. रेघ आईनें ओढली, माती आईनें मळली. मग बाळाचें त्यांत काय? या प्रश्नाचें उत्तर मोठ्या अनपेक्षित ठिकाणाहून येतें. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें रस्त्यासाठीं खडी पुरविण्याचा करार राज्यधर कोनाई या मक्तेदाराशीं केला, आणि सहीबरोबर त्याच्या सबंध पंजाचा ठसा कागदावर घेतला. हेतु प्रेमाचा नव्हता. उद्यां यानें सही नाकबूल करूं नये, एवढाच होता. पुढें हर्शेलला या ठशांचा छंदच लागला. त्यानें आपल्या परिचितांचे, मुलाबाळांचेही ठसे घेऊन ठेवले व वर्षांच्या अंतरानें पुन्हां घेतले. त्यांतील एका मुलाचा ठसा १८७७ सालीं, तो अवघा अडीच वर्षांचा असतांना घेतलेला होता. १८९० सालीं तोच मुलगा पंधरा वर्षांचा झाल्यावर पुन्हां ठसा घेतला. फ्रान्सिस गाल्टन यानें १८९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या बोटांच्या ठशांवरील ग्रंथांत या दोन ठशांची तुलना केलेली आहे. बोट वाढलें, रेषा रुंदावल्या, परंतु त्यांची मांडणी तीच राहिली.

आतां आपणांस हेंही ठाऊक आहे कीं, या रेषांची घडण मूल गर्भांत असतांनाच पुरी होते आणि ती जन्मभर बदलत नाहीं. जुळ्या भावंडांची देखील ती एक नसते. म्हणजे जी भेट आपण केवळ कौतुकानें 'बाळाची' म्हणतों, ती अक्षरशः बाळाचीच असते. माती आईची, रंग आईचा, वेळ आईचा. पण त्या ठशांतील खूण जगांत दुसऱ्या कोणालाही करतां आली नसती, स्वतः आईलाही नाहीं. ज्याला अद्यापि बोलतां येत नाहीं, ज्याला आपलें नांव ठाऊक नाहीं, त्यानें आपली सही मात्र खरी केलेली असते. जंगीपुरास जी खूण अविश्वासापोटीं घेतली गेली, तीच घरांत विश्वासापोटीं दिली जाते.

पित्याला अशी भेट देण्यासाठीं वर्षांतला एक दिवस ठरला तो बराच उशिरां. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत स्पोकेन शहरीं सोनोरा स्मार्ट डॉड नांवाची स्त्री राहत होती. सहाव्या मुलाच्या वेळीं तिची आई वारली. तेव्हां सोनोरा सोळा वर्षांची होती. यादवी युद्धांत लढलेल्या तिच्या बापानें पुढें घर चालविलें आणि धाकटीं भावंडें वाढविलीं. १९०९ सालीं मातृदिनाचें प्रवचन ऐकतांना तिच्या मनांत आलें कीं, बापाच्या नांवानें असा दिवस कां नसावा? तिनें वडिलांची जन्मतिथि, ५ जून, सुचविली; परंतु धर्मोपदेशकांना प्रवचनांच्या तयारीला सवड हवी होती, म्हणून १९ जून १९१० हा दिवस ठरला. ज्यांचे वडील हयात त्यांनीं तांबडा गुलाब लावावा, ज्यांचे वारले त्यांनीं पांढरा, एवढाच त्या दिवसाचा थाट. बाजार मागून आला. १९३८ सालीं न्यूयॉर्कमधील पुरुषी कपड्यांच्या दुकानदारांनीं या दिवसाच्या प्रसारासाठीं एक मंडळच काढलें. आणि गळपट्टे व तंबाखूचे पाइप यांचा सुकाळ झाला. या दिवसाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९७२ सालीं. आणि ती पाहण्यास सोनोराबाई हयात होत्या. तेव्हां आक्षेपकांच्या म्हणण्यांत तथ्य आहे तें इतकेंच कीं, गळपट्टा बाजारानें दिला. ठसा बाजाराच्या कितीतरी आधींचा आहे.

आपल्याकडे या गोष्टीला एक निराळेंच मोल आहे. एकत्र कुटुंबाच्या जुन्या वळणांत वडीलधाऱ्या माणसांसमोर बापानें स्वतःचें मूल उचलून घेणें अशिष्ट समजलें जाई. आजोबांनीं नातवाला खांद्यावर घ्यावें, काकांनीं त्याला खेळवावें. जन्मदात्यानें मात्र ओटीवरून नुसतें पाहावें. त्या बापांना माया नव्हती असें नाहीं. ती दाखविण्यास रीत नव्हती. अशा घरांत आई जेव्हां मुलाचा हात धरून बापाच्या हातीं कांहीं देवविते, तेव्हां ती भेट केवळ वस्तु राहत नाहीं. बापानें जवळ येण्याचें तें निमंत्रण असतें.

मात्र एक पथ्य सांभाळावें. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला आणि १९४५ पासून ताराबाईंनीं बोर्डीसारख्या खेड्यांत बालशिक्षणाचें काम उभें केलें. या मंडळींनीं आपणांस एक गोष्ट पुनःपुन्हां शिकविली: मुलाच्या कामाला मोठ्यांनीं आपल्या हौसेचें रूप देऊं नये. ठसा फांकला तर फांकूं द्यावा. बोट निसटलें तर निसटूं द्यावें. मूल रडत असतां, केवळ वस्तु देखणी व्हावी म्हणून, त्याची मूठ ओढून उघडणें हा त्या भेटीचा अपमान आहे. पोट भरलेलें असावें, झोंप झालेली असावी, रंग अंगाला न बाधणारा असावा आणि हात लगेच धुवावा. इतकें केल्यावर जें उमटेल तेंच खरें.

शेवटीं पुन्हां त्या पाट्यांकडे येणें भाग आहे. आज अनेक देशांतील रुग्णालयांत एखादें नवजात बालक दगावलें तर परिचारिका त्याच्या हातापायांचे ठसे घेऊन आईबापांच्या स्वाधीन करतात. हजारों वर्षांत औषधें बदललीं, घरें बदललीं. ही एक कृति बदलली नाहीं. अशा वेळीं आईचें सांत्वन करण्यास चार बायका जमतात. बापाला मात्र लोक, 'तिला आतां सांभाळा', इतकेंच सांगून जातात. त्याचें दुःख कोणी विचारीत नाहीं. त्याच्या खिशांत मग एक लहानसा कागद उरतो.

आणि ज्यांचीं मुलें ईश्वरकृपेनें वाढतात, त्यांच्याही हातून तो चिमुकला हात जातोच; फक्त इतक्या हळूहळू, कीं गेलेला कळत नाहीं. मुलगा बापाच्या खांद्याला लागतो, परगांवीं जातो, त्याचा आवाज फुटतो. एखाद्या दिवशीं कपाटांतून तो जुना ठसा निघाला, तर त्या मुलानें आपलें बोट त्यावर टेकवून पाहावें. माप जुळणार नाहीं, रेषा जुळतील.