हितसंबंध आणि आतली बातमी

सरकारी अधिकाऱ्याने किंवा लोकप्रतिनिधीने ज्या बाबीवर सही करायची, त्याच बाबीत त्याचा, घरच्यांचा किंवा भागीदाराचा पैसा अडकलेला असला, की त्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. फुटलेली माहिती हे त्याचेच जुळे भावंड. अधिसूचना राजपत्रात छापून येण्याआधी तिची प्रत कुणाच्या तरी खिशात पोचलेली असते. दोन्हींत लाच द्यावी-घ्यावी लागतेच असे नाही, आणि म्हणूनच ती पकडणे अवघड जाते.

कर्जत-खालापूर पट्ट्यात या माहितीचे मोल जमिनीत मोजले जाते. मुंबईपासून लोकलच्या अंतरावर असलेल्या या भागात शेतघरांसाठी जमीन घेणाऱ्यांची रीघ असते. २०१३ साली नवी मुंबई विमानतळाभोवती ‘नैना’ क्षेत्र जाहीर झाले, पनवेल-कर्जत रेल्वेमार्गासाठी भूसंपादन झाले. कडावसारख्या बाजारपेठेच्या गावात रस्ता कुठल्या गटातून जाणार, हे ज्याला आधी कळले त्याचा साठेकरार आधी होतो. कूळकायद्यानुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला आणि कुलमुखत्यारपत्र हेही या व्यवहारातले चलन झाले आहे.

कायद्याने एक कुंपण घातले आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीचे व्यवहार थांबवायचे असतात. पण मोबदला ठरतो तो आसपासच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून, आणि ग्रामीण भागात तो बाजारभावाच्या कित्येक पट होऊ शकतो. म्हणजे कुंपण बसते अधिसूचनेच्या तारखेला आणि कमाई होते त्याआधीच्या महिन्यांत. मोजणी ठरली कधी, आराखडा कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता, हे कळीचे प्रश्न सातबाऱ्यावर कुठेच नोंदलेले नसतात.

हा प्रकार जुना आहे, आणि त्याची सर्वांत बोलकी नोंद इंग्रजी अमलातली. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर; तिथल्या क्रॉफर्ड मार्केटला त्यांचेच नाव पडले. १८८८ मध्ये मध्य विभागाचे कमिशनर असताना त्यांच्यावर मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले आणि चौकशी आयोग बसला. लाचेचे आरोप आयोगाला सिद्ध झाले असे वाटले नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की साहेबांनी आपल्याच हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जे काढली होती. नोकरी गेली ती त्यामुळे. पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना अभयाचे वचन मिळाले होते. ते मोडू लागल्यावर टिळकांनी त्यांची बाजू घेतली. साक्ष देणाराच शेवटी अडकतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

कर्जत-खालापूर ज्या जिल्ह्यात येतात, त्याचे कुलाबा हे नाव बदलून रायगड झाले ते १ जानेवारी १९८१ रोजी, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. अंतुले म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. वर्षभरात त्यांचेच मुख्यमंत्रिपद या विषयाचा धडा ठरले. सिमेंट तेव्हा नियंत्रित दराने मिळे. बिल्डरांना कोटा मिळण्याचा आणि त्यांनी अंतुल्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणगी देण्याचा संबंध न्या. बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ च्या निकालात जोडला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला मात्र कोर्टाकोर्टांत फिरत राहिला. कोणत्या न्यायालयात चालावा यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ चा आपलाच आदेश १९८८ मध्ये मागे घेतला.

२०१६ चे भोसरी प्रकरण अधिक सरळ आहे. तत्कालीन महसूलमंत्री एकनाथ खडसे यांनी १२ एप्रिलला एमआयडीसीच्या ताब्यातील एका जमिनीवर बैठक घेतली. २८ एप्रिलला तीच जमीन त्यांची पत्नी आणि जावयाने पावणेचार कोटींना घेतली. जूनमध्ये खडशांनी पद सोडले. पुण्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१८ मध्ये गुन्हा होत नसल्याचा अहवाल दिला, पुढे ईडीने निराळी कारवाई केली. आरोप खरे की खोटे हा कोर्टाचा प्रश्न. पण बैठक आणि खरेदीखत यांतले सोळा दिवस कुठल्याही अहवालाने पुसता येत नाहीत.

तालुक्यातले नाव घ्यायचे तर कोंढाणे. उल्हास नदीवरचे हे धरण कर्जत तालुक्यातले. २०११ मध्ये कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने काम ठेक्याला दिले आणि साधारण ८० कोटींचा खर्च महिन्याभरात २७१ कोटींवर नेला. धरणाची उंची ३९ मीटरवरून ७१ मीटर झाली. आपल्या जमिनीवर पाणी येणार हे कळल्यावर अंजली दमानिया यांनी माहिती अधिकारात कागद मागवले आणि प्रकरण बाहेर आले. त्यांचाच इथे स्वार्थ आहे, असे तेव्हा बोलले गेले. स्वार्थ होता, पण निर्णय त्यांच्या हातात नव्हता. या नोंदीच्या व्याख्येत तो बसत नाही. २०१५ मध्ये लाचलुचपत विभागाने महामंडळाच्या अधिकाऱ्यांवर आणि ठेकेदारावर गुन्हा नोंदवला.

फुटलेली प्रत्येक माहिती चोरीची नसते. २०१२ मध्ये जलसंपदा विभागाचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र लोकांपुढे आले नसते, तर सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहारांची चर्चा फायलींतच राहिली असती. त्याच सप्टेंबरात अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९२३ चा गोपनीयता कायदा मात्र दोन्ही फुटींना एकाच काठीने हाकू पाहतो.

वरच्या पदांवरून खाली आले की नियम कडक होतात, ही गंमत. ग्रामपंचायत सदस्याने स्वतः वा भागीदारामार्फत पंचायतीच्या कामात हिस्सा घेतला, तर १९५८ च्या अधिनियमाच्या कलम १४ खाली त्याचे पद जाते. आमदारासाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम ९ अ आहे, पण ते सरकारशी त्याने स्वतः केलेल्या चालू ठेक्यापुरतेच. मेहुण्याची कंपनी त्यात येत नाही. लोकसेवकाला बंदी असलेली मालमत्ता त्याने स्वतःच्या वा दुसऱ्याच्या नावे विकत घेतली, तर तो गुन्हा १८६० च्या दंडसंहितेतही होता (कलम १६९), आणि आता भारतीय न्याय संहितेत आहे. पण बातमी ऐकून शेजारच्या गटात जमीन घेणे त्यात सहजी बसत नाही.

ज्या कोंढाण्यावरून एवढे झाले, तो प्रकल्प २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘नैना’च्या पाण्यासाठी सिडकोकडे सोपवला.