तळटीप : ‘केडगावच्या बाई’

* ‘केडगावच्या बाई’ म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). वरवंडहून पुण्याकडे निघालं की चौफुला लागतो. तिथून आत केडगाव आणि त्यांचं मुक्ती मिशन. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधीच आईवडील दुष्काळात, पुढे भाऊ, मग पती असे सगळे गेले होते. कानही अधू झाले. १८९३ साली पुण्यात धर्मांतराचं वादळ उठलं, पालकांनी बाईंच्या शारदा सदन या निवासी शाळेतून मुली काढून नेल्या. बाईंनी श्रद्धा सोडली नाही, कामही सोडलं नाही. ही श्रद्धा आंधळी नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं : मनाला पटत नाही ते त्या इंग्लंडमधल्या गुरुजनांनाही तोंडावर सांगत. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर चालूच होतं. मिशनमधल्या स्त्रिया खिळे जुळवत, छपाई करत. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.