शेकोटी, माळवद आणि दोन रॉडचा हीटर

"उदगीरला कसली आलीय थंडी?" असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात, तेव्हा मी वाद घालत नाही. मार्गशीर्षात एकदा मुक्कामाला या, एवढंच म्हणतो. आमचं गाव पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दुपारी स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे अंगावरची वाकळ सोडवत नाही.

त्यामुळे हल्ली घरोघरी दोन रॉडचा, लालबुंद होणारा हीटर दिसतो. म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर हमखास. आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "याला बिल किती येतं हो?" उत्तर देतो, पण हिशोब जरा मागून सुरू करू.

हा हीटर ज्या किरणांवर चालतो, त्यांचा शोध 1800 साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लावला. सूर्यप्रकाश लोलकातून पाडून प्रत्येक रंगात किती उष्णता आहे, हे तो थर्मामीटरने मोजत होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. हेच अवरक्त किरण. पण गंमत बघा, ते वापरायला आपण हर्शेलची वाट पाहिली नव्हती. शेकोटीभोवती बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते, ते याच किरणांमुळे. शेकोटी हवा तापवत नाही, समोरच्या माणसाला तापवते. दोन रॉडचा हीटरही तेच करतो.

शेकोटीला बिल नव्हतं, असं आपण सहज म्हणतो. ते काही खरं नाही. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, बाभळीचं सरपण यांना रोख पैसा लागत नसे, पण ते कुणाच्या तरी डोक्यावरून घरी येत असे, आणि ते डोकं बहुधा बाईचं असे. एक किलो कोरड्या लाकडात साधारण चार युनिट विजेइतकी उष्णता असते. त्यातली बरीचशी धुराबरोबर निघून जाते आणि धूर मात्र डोळ्यांत, छातीत राहतो. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवायच्या कोळशाच्या शेगडीला तर धूरही दिसत नाही. दारं-खिडक्या बंद करून ती पेटवली, की कोळशाचा विषारी वायू झोपेतच जीव घेऊ शकतो.

सरपणाची किंमत फौजांनाही चुकली नाही. 1760 च्या सुरुवातीला सदाशिवराव भाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं, तेही हिवाळ्यातच. पुढच्याच हिवाळ्यात तीच माणसं पानिपतावर अडकली. तिथे अन्नाइतकीच टंचाई लाकूडफाट्याची आणि चाऱ्याची होती, आणि ते आणायला छावणीबाहेर पडलेली माणसं कापली गेली.

आता घराकडे येऊ. आपल्याकडचं जुनं घर माळवदाचं. जाड दगडी भिंती, लाकडाचे खण, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभराचं ऊन या भिंती पिऊन घेत आणि रात्री हळूहळू सोडत. माती उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे घर हाच हीटर, आणि चालवायचा खर्च शून्य!

पण या ऊबेची किंमत एकदम वसूल झाली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चिखलात रचलेल्या त्या जाड भिंती आणि तो मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. नंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. माळवदाखाली झोपायची भीती आमच्या जिल्ह्यात मनात बसली ती बसलीच. त्याजागी पत्रे आले, सिमेंटचे स्लॅब आले. आणि तेच अवरक्त किरण आता उलटे वाहू लागले. निरभ्र रात्री पत्रा आणि स्लॅब आपली उष्णता आभाळाकडे फेकतात, आणि पहाटे घर गार पडतं. रॉडचा हीटर आपल्याकडे आला तो अशा घरात.

तर आता बिल. दोन रॉड म्हणजे 800 वॅट. सकाळी दोन तास, रात्री दोन तास लावला तर दिवसाला 3.2 युनिट, महिन्याला 96. महावितरणच्या 2024-25 च्या दरांत पहिल्या 100 युनिटला वहन आकार धरून सुमारे 6 रुपये पडत होते, त्यापुढच्याला 11 हून थोडे जास्त. एरवी 90 युनिट वापरणाऱ्या घरात हीटरची बहुतेक युनिटं महागड्या टप्प्यात जातात. वर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे महिन्याला सुमारे बाराशे रुपये जादा. एकच रॉड लावून जवळ बसलात, तर पावणेसहाशे.

दुकानदार "कमी विजेत जास्त उष्णता" म्हणाला तर हसून सोडून द्या. एका युनिटमधून एका युनिटचीच उष्णता निघते, हीटर कुठलाही असो. बचत होते ती खोली न तापवता माणूस तापवण्यात. फटी असलेल्या दारांच्या घरात हा हीटर परवडतो तो एवढ्याचसाठी. फक्त वाकळ आणि पदर त्यापासून लांब ठेवा.

बाराशे रुपये काही थोडे नाहीत. ज्या घरात फक्त पेन्शन येते, तिथे म्हातारा माणूस कुडकुडत बसतो आणि बटणाला हात लावत नाही. आधी हीच ऊब बायकांच्या डोक्यावरून यायची, मग माळवदाने दिली आणि एका रात्रीत परत घेतली. आता निदान तिचा आकडा कागदावर छापून येतो. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर बिल त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नका, एवढंच सांगेन.