समुद्रतळाचे हिरे

तोराच्या शेमोथ ग्रंथात प्रमुख याजकाच्या उरपटावरील दुसऱ्या रांगेत 'याहलोम' हे रत्न सांगितले आहे. आजच्या हिब्रूत याहलोम म्हणजे हिरा. परंतु त्या रत्नांवर वंशांची नावे कोरलेली होती, आणि हिरा कोरण्याची कला तेव्हा नव्हती, म्हणून ते दुसरेच रत्न असावे, असे पुष्कळ विद्वान मानतात. ते असो. रामात गानच्या हिरेबाजारामुळे हिरा आपल्या ओळखीचा आहे. पण तो समुद्राच्या तळातूनही काढतात हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

हे हिरे नैऋत्य आफ्रिकेतील नामिबियाच्या किनाऱ्यालगत सापडतात. लाखो वर्षे ऑरेंज नदीने दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागातील हिरे वाहून समुद्रात आणले. लाटांनी ते उत्तरेकडे ढकलले. तडा गेलेले खडे वाटेतच फुटले, म्हणून जे उरले त्यांतील बहुतेक दागिन्यांत बसविण्याच्या लायकीचे असतात.

1908 साली ल्यूडरिट्झजवळ रेल्वेच्या रुळांवरील वाळू काढताना झकेरियास लेवाला या मजुराला असा एक खडा मिळाला. त्याने तो आपले वरिष्ठ औगुस्ट श्टाउख यांना दिला. श्टाउख धनवान झाले, लेवालाच्या हाती काही आले नाही. पण ही रेल्वे बांधली कोणी? जर्मनांनी शार्क बेटावरील छावणीत डांबलेले हेरेरो आणि नामा कैदी त्या कामावर राबले. थंडीने, उपासमारीने, आजारांनी हजाराहून अधिक कैदी मेले. रुग्णसेवेत आयुष्य गेलेल्या आम्हांला हिऱ्यांच्या इतिहासात हीच गोष्ट आधी दिसते. छावणी म्हणजे काय हे सांगणारी माणसे येथे आपल्या शेजारीच राहत होती.

समुद्रातील हिऱ्यांचा नाद टेक्सासच्या सॅम कॉलिन्स यांना लागला. 1960 नंतर त्यांनी बार्जवरून नळांनी तळाची रेती व गोटे उपसायला सुरुवात केली. तो समुद्र खवळलेला, खर्च अफाट. 1965 साली धंदा डी बीअर्सच्या ताब्यात गेला आणि 1971 साली तर बंदच पडला. पुढे खोल पाण्यात काम करणारी जहाजे आली. 1990 साली देश स्वतंत्र झाला. आता हे काम करणाऱ्या कंपनीत नामिबियाचे सरकार आणि डी बीअर्स यांचा निम्मा-निम्मा वाटा आहे.

2022 साली 'बेंग्वेला जेम' हे 177 मीटर लांबीचे जहाज कामाला लागले. शंभर-सव्वाशे मीटर खोलीवर एक अवजड यंत्र तळावर सरकत रेती-गोटे शोषून वर पाठवते. ते धुऊन, चाळून क्ष-किरणांखाली नेले की हिरा चमकतो आणि हवेच्या फवाऱ्याने बाजूला उडवला जातो. उरलेले गोटे परत समुद्रात सोडतात. हिरे मात्र माणसाचा हात न लागता डब्यात बंद होऊन किनाऱ्यावर जातात.