एकटीचं संगीत नाटक : हिराबाई पेडणेकर

रौप्यमहोत्सवानिमित्त यंदाच्या गणेशोत्सवात आपलं महिला मंडळ एकपात्री संगीत नाटक बसवतंय, हे सभासदांना ठाऊक आहेच. विषय हिराबाई पेडणेकर. सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, “सहकुटुंब बसायचं असतं, नायकिणीची गोष्ट कशाला?” प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. त्या सभेत वेळ नव्हता, स्मरणिकेत जागा आहे.

हिराबाईंचा जन्म १८८५ चा, सावंतवाडीचा, कलावंत घराण्यातला. आई लवकर गेली. मावशीने मुंबईत गिरगावात वाढवलं. त्या काळात अशा घरातल्या मुलीने गाणं शिकावं यात नवल नव्हतं, आणि हिराबाई तर भास्करबुवा बखल्यांकडे शिकल्या. नवल हे की त्या शाळेत गेल्या, संस्कृत आणि बंगालीही शिकल्या, कविता-कथा लिहू लागल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर त्यांना गुरुस्थानी. १९०४ मध्ये, म्हणजे विशीच्या आत, त्यांनी ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक लिहिलं. मग आलं ‘संगीत दामिनी’. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने ते १९१२ च्या सुमारास रंगभूमीवर आणलं. बाईने लिहिलेलं नाटक नामवंत व्यावसायिक मंडळी करते, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

आता जरा हिशेब मांडू, बँकेतली सवय जात नाही. बाईने नाटक लिहिलं, पदं रचली, गाणं तर तिचं स्वतःचंच. पण मोठ्या मंडळ्यांच्या रंगमंचावर तिला उभं राहायला जागा नाही, कारण स्त्रीपार्ट पुरुष करायचे. बालगंधर्वांचा तो ऐन बहराचा काळ. खुद्द केशवराव लहानपणी ‘शारदा’ करून गाजलेले. प्रतिष्ठित रंगभूमीवर कुलीन घरच्या स्त्रिया दिसू लागल्या त्या १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून, ज्योत्स्नाबाई भोळे त्यातल्याच. म्हणजे ‘दामिनी’नंतर वीसेक वर्षांनी.

पुढे हिराबाई गिरगाव सोडून नेने नावाच्या गृहस्थांबरोबर गुहागरजवळच्या पालशेतला गेल्या आणि १९५१ मध्ये तिथेच वारल्या. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावरून ‘कस्तुरीमृग’ लिहिलं, तेव्हा काही काळ नाव पुन्हा ऐकू आलं. मग परत शांतता. आपल्यापैकी निम्मे लोक शिमग्याला, गणपतीला पळस्पे फाट्यावरून त्याच रस्त्याने गावी जातात. गुहागरला उतरणारेही आहेत. पण पालशेत म्हटल्यावर हे नाव किती जणांना आठवतं?

काही जण म्हणतात, एकटी बाई दीड तास काय करणार? लक्ष्मणराव देशपांड्यांनी एकट्याने ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधून सगळं वऱ्हाड उभं केलं, ते आपण पाहिलंय. सुषमाताई देशपांडे यांनी १९८९ पासून ‘व्हय मी सावित्रीबाई’ गावोगाव केलं, त्यांनाही ना मोठा सेट लागला ना लवाजमा. हिराबाईंच्या गोष्टीला तर हाच प्रकार शोभतो. लिहिणारी तीच, गाणारी तीच, आणि या वेळी उभी राहणारीही बाईच. बरोबर पेटी नि तबला. पदं नवी रचली आहेत, आपल्याच सोसायटीतल्या एका सुनेने. दिवसभर नोकरी करून रात्री चाली बसवते बिचारी.

राहिला तो सभेतला प्रश्न. नायकिणीच्या घरी जन्म हा हिराबाईंनी निवडलेला नव्हता. निवडलं ते लिहिणं. समाजाने जन्म लक्षात ठेवला आणि लिहिणं विसरला. मुलांसमोर दाखवू नये असं यात काही असेलच, तर ते आपलं हे विसरणं. आणि तेही दाखवावं, असं माझं मत. नाती शेजारी बसवून बघण्यासारखंच हे नाटक आहे.

पनवेलात वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं देखणं नाट्यगृह आहे. पुढेमागे हा प्रयोग तिथेही होवो. सध्या आपलं पार्किंगचं आवार पुरे. पेटी आणि तबल्याची सोय झाली आहे, तानपुरा मात्र अजून मिळालेला नाही. कोणाकडे असल्यास महिला मंडळाला कळवावं. प्रयोगाची तारीख नोटीस बोर्डावर लागेल. सभेत आक्षेप घेणाऱ्या काकांनी अवश्य यावं, खुर्ची राखून ठेवतो.