‘आधी बीज एकले’ नेमके कोणाचे?



दिंडीच्या शताब्दीची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा माझ्या वाट्याला जुन्या भजनाच्या वह्या आल्या. विणेकऱ्यांच्या घरी पेटीत, माळ्यावर, देव्हाऱ्याखाली ठेवलेल्या सगळ्या वह्या गोळा करायच्या, कोणते अभंग कोणत्या मुक्कामाला म्हटले जात ते बघायचे आणि स्मरणिकेसाठी मालिका तयार करायची. सोपे काम म्हणून मी ते घेतले. शाळेत मास्तरकी केली असल्यामुळे अक्षर लावायची सवय होती.

पहिल्या दोन वह्या सुरळीत गेल्या. तिसऱ्या वहीत, काकड्याचे अभंग संपल्यावर, ‘आधी बीज एकले’ पूर्ण लिहिलेले सापडले. त्यात नवल नाही, आपल्या दिंडीत हे पद माझ्या लहानपणापासून म्हटले जाते. नवल पुढे होते. पदाच्या शेवटी वेगळ्या शाईने एक चरण जोडलेला होता आणि त्यात ‘तुका म्हणे’ होते. अक्षर ज्यांचे, ते गृहस्थ आता वैकुंठवासी आहेत. घरचे गरीब, आयुष्यभर माळ घातलेली, कधी कुणाच्या पैशाला हात न लावलेला माणूस. त्यांनी हे का केले ते वही बघताच कळते. पद इतके गोड, पण शेवटी मुद्रा नाही, म्हणजे उतरवून घेताना कुणाकडून तरी चरण सुटला असणार, असे वाटून त्यांनी तो आपल्या परीने भरून काढला.

चरण सुटलेला नव्हता. ते पद तुकोबारायांचे नाहीच.

हे लिहिताना मला जरा जड जाते, कारण गावात ही गोष्ट पहिल्यांदा बोललो तेव्हा दोन जण माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पण हकीकत अशी आहे.

पुण्यात प्रभात फिल्म कंपनी होती. ती १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. आज तिथे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे आणि जवळच्या रस्त्याला अजून प्रभात रोडच म्हणतात. या कंपनीने १९३६ च्या डिसेंबरमध्ये ‘संत तुकाराम’ हा बोलपट आणला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे, तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीसांची आणि आवलीची गौरीबाईंची. बोलपटात तुकोबांचे खरे अभंग आहेतच. पण काही ठिकाणी प्रसंगाला नवे पद हवे होते. ते लिहिले शांताराम आठवले यांनी. तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे तरुण होते. ‘आधी बीज एकले’ हे त्यांचे. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘कुंकू’ची गाणीही त्यांनी लिहिली, नंतर स्वतः चित्रपटही काढले. ‘वहिनीच्या बांगड्या’ त्यांचाच.

हा बोलपट मुंबईत सेंट्रल सिनेमात वर्षभराहून जास्त काळ चालला. १९३७ साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. पण आपल्याकडे तो पोचला तो तंबूतून. जत्रेत तंबू लागायचा, पुढे जमिनीवर बसणारे, मागे खुर्चीवाले, आणि यंत्राची घरघर चालू. माझे आजोबा माळकरी. सिनेमा म्हणजे पाप, असे त्यांचे पक्के मत. जन्मात एकच सिनेमा पाहिला, तो हा. चपला तंबूबाहेर काढून आत गेले होते. त्यांच्यासारखे कितीतरी. पडद्यावर पागनीस दिसले की बाया हात जोडायच्या, असे ते सांगत.

आता पागनीसांबद्दल थोडे, कारण आपल्या बहुतेकांच्या घरी त्यांचा फोटो आहे आणि आपल्याला ते ठाऊक नाही. हे मूळचे नाटकातले नट. तरुणपणी स्त्रीभूमिका करायचे. गायक चांगले, त्यांनी ‘वंदे मातरम्’ला लावलेली चालही त्या काळी गाजली होती. तुकोबांच्या भूमिकेसाठी त्यांचे नाव निघाले तेव्हा लुगडे नेसून रंगभूमीवर वावरलेला हा नट संत कसा शोभणार, अशी शंका कंपनीतही होती. पुढे झाले ते उलटेच. बोलपट गाजल्यावर त्यांचे वीणाधारी फोटो तुकोबांचे चित्र म्हणून घरोघर लागले आणि पुजले जाऊ लागले. तुकोबांच्या काळी कॅमेरा कुठला? पण आज डोळे मिटून ‘तुकोबा’ म्हटले की अनेकांच्या मनात जो चेहरा येतो तो १९३६ सालच्या एका नटाचा असतो. पागनीसांनी नंतर संत तुलसीदास आणि नरसी भगत यांच्याही भूमिका केल्या. १९४३ साली ते वारले.

वैकुंठगमनाचेही तसेच. गरुडाच्या आकाराचे विमान आभाळात चढते आहे, खाली आवली उभी, हे दृश्य आपण कॅलेंडरवर पाहतो, गावच्या सप्ताहातल्या देखाव्यात पाहतो. त्यातले बरेचसे प्रभातच्या पडद्यावरून आपल्या डोळ्यांत उतरले आहे. दामले आणि फत्तेलाल दोघेही चित्रकलेतले कसबी, पडद्यावरचे चमत्कार घडवण्यात तरबेज. आणि तुकोबांचा सगळ्यात गाजलेला बोलपट करणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होता, याचे पुण्यामुंबईच्या लोकांना फार अप्रूप वाटते. आपल्याला वाटायचे कारण नाही. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हे आपण दर वर्षी बघतो.

तर पद आठवल्यांचे. मग ते तुकोबांचे कसे झाले? एक तर तुकोबांच्या वेषातल्या माणसाच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकले गेले. मग तबकडी निघाली, रेडिओ आला. तबकडी कुणी वाचत नाही, ऐकतात. नाव लिहिणाऱ्याचे मागे पडले आणि म्हणणाऱ्याचे, म्हणजे पडद्यावरच्या तुकोबांचे, पुढे राहिले. आणखी एक कारण मला आपल्याच गावात सापडले. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबांची बीज असते. त्या दिवशी आपल्याकडे हे पद हटकून म्हणतात. मी एका आजींना विचारले, आजच का? त्या म्हणाल्या, “आवं, आज बीज न्हवं का? मग बिजेचं गाणं म्हणायचं.” तिथीची बीज म्हणजे दुज, द्वितीया. पदातले बीज म्हणजे पेरायचे बी. शब्द एक, अर्थ दोन, आणि त्या एका शब्दाच्या धाग्याने पद तुकोबांना कायमचे बांधले गेले.

खरे-खोटे ओळखायची आपली स्वतःची रीत मात्र फार जुनी आहे. ती म्हणजे नाममुद्रा. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे, एका जनार्दनी, बापरखुमादेविवरू. तुकोबांच्या भावाने, कान्होबांनी अभंग केले तर त्यांनीही ‘तुकयाबंधु’ अशी वेगळी मुद्रा ठेवली. भावाच्या नावावर खपवले नाही. आपण रोज म्हणतो त्या ‘आरती तुकारामा’त रामेश्वर भटांचे नाव आहे, ‘आरती ज्ञानराजा’त रामा जनार्दनांचे. कोण बोलतो आहे हे शेवटी सांगितल्याशिवाय आपला अभंग संपत नाही. म्हणून तर कीर्तनात प्रमाण देताना बुवा मुद्रेसकट चरण पुरा करतात.

मुद्रेवर सगळे भागत नाही, हेही खरे. नामदेवरायांच्या नंतर कैक वर्षांनी विष्णुदास नामा होऊन गेले, त्यांची रचना नामदेवरायांच्या गाथ्यात मिसळली आणि ती वेगळी काढताना अभ्यासक अजून थकतात. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची मुद्रा ‘तुकड्या’. ती घाईत ऐकणारा सरळ ‘तुका’ ऐकतो आणि विसाव्या शतकातले भजन सतराव्या शतकात नेऊन ठेवतो. म्हणून मुद्रा बघायची आणि मग गाथा उघडायची. हस्तलिखिते ताडून तुकोबांची गाथा नीट छापली गेली ती १८६९ पासून पुढे, इंदुप्रकाश छापखान्यात, सरकारच्या मदतीने. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ते काम केले. १९५० साली सरकारनेही गाथा छापली. साडेचार हजारांवर अभंग आहेत. मी माझ्याकडची गाथा पहिल्या चरणांच्या सूचीवरून तर पाहिलीच, पण विश्वास बसेना म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत पानन् पान चाळली. ‘आधी बीज एकले’ तिच्यात नाही.

आणि एकदा हे ध्यानात आले की मग कान तयार होतो. त्याची चाल पाहा, शब्द पाहा. ते अभंगाच्या मापातले नाहीच, पदाच्या वळणाचे आहे. हे आधी का कळले नाही, असे वाटते.

हे एकटेही नाही. ‘इंद्रायणी काठी’ भीमसेन जोशींच्या आवाजात ऐकून कितीजणांना ते संतवचन वाटते. ते ग. दि. माडगूळकरांचे, १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटातले, चाल पु. ल. देशपांड्यांची. ‘कानडा राजा पंढरीचा’ हेही माडगूळकरांचेच, १९७० च्या ‘झाला महार पंढरीनाथ’मधले. गेल्या वर्षी एका लग्नाच्या भजनात ते ‘नामदेव महाराजांचा अभंग’ म्हणून सांगितले गेले. मी गप्प बसलो. लग्नघरी कोण वाद घालणार?

पण दिंडीत गप्प बसून चालेना, कारण मालिका छापायची होती. बैठक घेतली. तरुण मंडळींचे म्हणणे, पद काढून टाका, सिनेमाचे गाणे दिंडीत कशाला? जुनी मंडळी म्हणाली, आमच्या बापजाद्यांनी म्हटले, आता ते खोटे कसे? दोन्हीकडून आवाज चढले. मला स्वतःला ते चरण जोडलेले पान डोळ्यांपुढून जाईना. सालोमालोची गोष्ट आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. तुकोबांच्या अभंगातले ‘तुका म्हणे’ काढून तो स्वतःचे नाव घालायचा. गाथ्यात तुकोबांनी त्याचे नाव घेतले आहे आणि प्रभातच्या बोलपटातला खलपुरुषही तोच. आमच्या भल्या वहीकाराने नेमके त्याच्या उलट केले. दुसऱ्याच्या पदावर तुकोबांचे नाव घातले. सालोमालोच्या मनात लोभ होता, याच्या मनात भक्ती. पण दोन्ही वेळा ज्याने लिहिले त्याचे नाव गेलेच. आठवल्यांनी स्वतः तुकोबांची मुद्रा पदात घातली नव्हती. सिनेमासाठी लिहिताना तो मोह सहज झाला असता. त्यांनी पाळलेली मर्यादा आम्ही मोडली. मी बैठकीत एवढेच बोललो आणि खाली बसलो.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आमचे वयाने सगळ्यात मोठे टाळकरी आबा म्हणाले, “पद ग्वाड हाय, ऱ्हाऊ द्या. पण मालिकेत न्हाई. मालिकेत संतच. मुक्कामाला जेवणं झाल्यावर म्हणा, आन् ज्याचं हाय त्याचं नाव घेऊन म्हणा.” ते सगळ्यांना पटले. सगळ्यांना म्हणजे, एक जण अजून नाराज आहेत. ते याच स्मरणिकेत आपले म्हणणे लिहिणार होते, पण त्यांनी लेख दिला नाही.

त्याप्रमाणे या अंकातल्या भजनमालिकेत ‘आधी बीज एकले’ नाही. मागे ‘मुक्कामाची पदे’ असे वेगळे पान केले आहे, त्यात त्याचे नाव आणि शेजारी ‘शांताराम आठवले, १९३६’ असे छापले आहे. जोडलेला चरण वहीत आहे तसाच ठेवला. खोडला नाही. वही त्यांच्या नातवाला परत दिली.

यंदा वरवंडच्या मुक्कामाला जेवणे आटोपल्यावर राहुटीत भजन बसले. मावशींनी हे पद धरले, सगळ्यांनी साथ केली, मृदंगही छान लागला. संपल्यावर मावशींनी टाळ मांडीवर ठेवले आणि विणेकऱ्यांकडे बघून म्हणाल्या, “आठवलेबुवांचं झालं. आता तुकोबांचं घ्या.”