ऐकविण्याचे ग्रंथ

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाच्या घरी पुस्तके थोडी असतात. कारण प्रत्येक बदलीच्या वेळी सामान बांधताना पहिली गदा त्यांच्यावरच येते. आमच्या तिरुचिरापल्लीच्या बिऱ्हाडात आज जी पंधरावीस मराठी पुस्तके उरली आहेत, त्यांत श्रद्धा, मन:शांती आणि निर्मितीचा आनंद या विषयांवरची चार पुस्तके अगदी नवी आहेत. ती घेण्याची पाळी का आली, हे सांगितल्यावाचून पुढील विवेचनाचे प्रयोजन ध्यानात यावयाचे नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची आई साताऱ्यास वारली. दुखणे थोड्याच दिवसांचे होते. रजेचा अर्ज, त्यावरील शेरे आणि गाडीचे आरक्षण हे सर्व जमून येईपर्यंत चार दिवस गेले, आणि आम्ही घरी पोहोचलो तेव्हा आई जेथे निजत असे त्या जागी पणती लावलेली होती. त्यानंतर आमची झोप उडाली. त्याच वर्षी पदोन्नतीच्या यादीतून आमचे नाव सुटले, तेव्हा एका वरिष्ठांनी ‘कर्म करावे, फळाकडे पाहू नये’ असा उपदेश करून आमची बोळवण केली. एका स्नेह्याच्या सांगण्यावरून आम्ही ती चार पुस्तके मागविली.

त्या पुस्तकांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. श्वासाकडे लक्ष द्यावे, सकाळी उठल्यावर मिळालेल्या चांगल्या गोष्टी लिहून काढाव्यात, रोज काहीतरी स्वतःच्या हाताने करावे, हा त्यांचा उपदेश हितकर आहे आणि काही दिवस आम्हांस त्याचा गुणही आला. परंतु या चारही पुस्तकांत एक गोष्ट गृहीत धरलेली आढळली. वाचणारा माणूस एकटा आहे, खोलीचे दार लावलेले आहे, आणि त्याला केवळ स्वतःच्या मनाची दुरुस्ती करावयाची आहे! आपल्या भाषेत श्रद्धेचे जे ग्रंथ संकटाच्या काळी निर्माण झाले, ते असेच एकट्याने एकट्यासाठी लिहिले गेले काय, असा प्रश्न आमच्या मनात आला, आणि त्याचा शोध घेण्यासाठी आम्ही घरचे तीन जुने ग्रंथ पुन्हा काढले. तिघांचाही जन्म तुरुंगाशी निगडित आहे. कारकुनाची बदली आणि कैद्याचा कारावास यांची तुलना करणे हा आगाऊपणा होईल. पण घरापासून दूर राहावे लागलेल्या माणसाने मन कोठे गुंतविले, हे पाहण्याची उत्सुकता आमच्यासारख्यास असणे स्वाभाविक आहे.

पहिला ग्रंथ लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबईस राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय बावन्न वर्षांचे होते आणि मधुमेह जडलेला होता. लेखनासाठी सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या मिळत, आणि शाईऐवजी शिसपेन्सिल. अशा वह्यांत त्यांनी २ नोव्हेंबर १९१० पासून ३० मार्च १९११ पर्यंत, म्हणजे पाच महिन्यांत, हा प्रचंड ग्रंथ लिहून काढला. मूळ गीतेचा अर्थ लावण्यापूर्वी त्यांनी पंधरा प्रकरणे आणि एक परिशिष्ट घातले आहे. ज्ञान झाल्यावर कर्म सोडावे हा गीतेचा सिद्धान्त नसून, ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म करीतच राहावे हा आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्याने हा ग्रंथ उघडून पाहिला आहे, तो पदोन्नती हुकलेल्या माणसाला गप्प बसविण्यासाठी गीतेचा उपयोग करणार नाही. फळाची आशा सोडण्याचा उपदेश तेथे अन्याय मुकाट्याने सोसण्यासाठी केलेला नाही. स्वतः लिहिणारा तर अन्यायाविरुद्ध लिहिल्यामुळेच तुरुंगात बसला होता.

परंतु या खेपेस आमचे लक्ष वेधले ते प्रस्तावनेतील एका लहानशा आठवणीने. १८७२ साली, टिळक सोळा वर्षांचे असता, त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात गीतेवरील एक प्राकृत टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम या मुलाकडे आले होते. गीतेशी त्यांचा परिचय तेथे झाला. पांडित्याचा एवढा डोंगर ज्या पायावर उभा राहिला, तो पाया म्हणजे आजारी बापाच्या उशाशी बसून मुलाने केलेले वाचन होय. ही प्रस्तावना आम्ही महाविद्यालयात असताना वाचली होती. तेव्हा हे वाक्य डोळ्यांखालून गेले, मनात मात्र उतरले नव्हते.

ग्रंथ लिहून झाला म्हणून लेखकाची परीक्षा संपली असेही नाही. जून १९१२ मध्ये पुण्यास त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या आणि ती वार्ता मंडालेस तारेने कळली. तेथून पुण्यास येणे तर दूरच. भाच्याला पत्र लिहिण्याखेरीज त्यांना काही करता येण्याजोगे नव्हते. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली तेव्हा वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. त्या परत न मिळाल्यास ग्रंथ पुन्हा लिहून काढण्याची टिळकांची तयारी होती. पुढे वह्या मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला.

दुसरा ग्रंथ विनोबांची ‘गीताप्रवचने’. हा लिहिलेला नव्हे, बोललेला ग्रंथ आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे अठरा रविवारी विनोबांनी अठरा अध्यायांवर प्रवचने केली. ऐकणारे सारे सत्याग्रही कैदी. त्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती प्रवचने ऐकता ऐकता उतरून घेतली. गुरुजींचा हात त्या दिवशी तेथे नसता, तर ती वाणी तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेली असती. चौथ्या अध्यायाच्या विवेचनात विनोबांनी ‘विकर्म’ या शब्दाचा जो अर्थ केला आहे, तो आम्हां फायलींत जन्म घालविणाऱ्यांनी मनाशी धरण्याजोगा आहे. बाहेरून हात काम करीत असताना आतून मनाने त्यास दिलेली जोड म्हणजे विकर्म. ती जोड नसली की कर्म हे ओझे होते. मनाची जोड न देता आम्ही किती टिपणे लिहिली याचा हिशेब त्या रात्री आम्ही मांडू लागलो आणि अर्ध्यावरच सोडून दिला.

विनोबांच्या ‘गीताई’चे मूळही असेच एका ऐकणाऱ्यापाशी आहे. संस्कृत कळत नाही आणि मराठी समश्लोकीही कठीण जाते, तेव्हा सोप्या मराठीत गीता हवी, ही त्यांच्या आईची इच्छा होती. आई १९१८ साली गेली. ‘गीताई’ रचली गेली १९३०-३१ मध्ये. जिच्यासाठी करावयाचे ती ऐकावयास उरली नव्हती, तरी काम झाले. आमच्यासारख्या उशिरा पोहोचलेल्याला या गोष्टीचा जो आधार वाटला, तो चारही नव्या पुस्तकांतून वाटला नव्हता.

तिसरा ग्रंथ ‘श्यामची आई’. याचा बराचसा भाग साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला आणि १९३५ साली तो प्रसिद्ध झाला. त्याची रचनाही सांगण्याची आहे: रात्रीची प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. ज्याच्या आठवणी तो सांगतो, त्या मुलासही आईच्या अखेरच्या वेळी जवळ असता आले नव्हते.

गुरुजींचा आमच्या या गावाशीही संबंध आहे, आणि तो येथे येऊन तीन वर्षे होईपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हता. १९३० साली ते येथील, म्हणजे त्या वेळच्या त्रिचनापल्लीच्या, तुरुंगात होते. निरनिराळ्या प्रांतांचे राजबंदी तेथे एकत्र आले होते. तेथेच तमिळ भाषेतील ‘कुरळ’ या ग्रंथाशी त्यांचा स्नेह जडला आणि त्यांनी तो मराठीत आणला. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात हा पुढे ‘आंतरभारती’ म्हणून त्यांनी जो विचार मांडला, त्याचे बीज या सहवासात आहे. विनोबाही १९४२ नंतरच्या कारावासात वेल्लोरला दक्षिणेच्या चारही भाषा शिकले. टिळकांनी मंडालेस पाली, जर्मन आणि फ्रेंच यांचा अभ्यास केला. आणि आम्ही? येथील सरकारी बसमध्ये कुरळातील वचने लिहिलेली असतात, त्यांखाली बसून आम्ही रोज कचेरीत जातो. पण भाजीचा भाव विचारण्यापलीकडे आमचे तमिळ गेले नव्हते. कैद्यांनी भिंतींच्या आत शेजार शोधला, आणि आम्ही मोकळ्या गावात दार लावून मन:शांतीची पुस्तके वाचीत बसलो.

येथपर्यंत येऊन थांबलो असतो, तर हा लेख सुखाचा झाला असता. परंतु इतिहास अर्धा सांगू नये. ज्या हातांनी धुळ्याची प्रवचने उतरून घेतली, ज्यांनी १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणास लावून उपोषण केले, त्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले जीवन संपविले. श्रद्धा होती, निर्मिती विपुल होती, लक्षावधी वाचकांचे प्रेम होते. तरी मनाचे स्वास्थ्य हाती राहिले नाही. अशा गोष्टीचे एकच कारण सांगू पाहणे उद्धटपणाचे होईल. मात्र श्रद्धा असली की मन खचत नाही, असे जे कोणी छातीठोकपणे लिहितात, त्यांनी गुरुजींचे स्मरण ठेवावे. आणि खचलेल्या मनाला अश्रद्ध ठरविण्यापूर्वी आपण सर्वांनीच ते ठेवावे. दुखणे मनाचे असले तरी ते दुखणेच. त्यास वैद्य लागतो आणि जवळ बसणारे माणूसही लागते. आम्हीही अखेर येथील एका डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यांनी आमचे सारे ऐकून घेतले, हे सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

हे तीनही ग्रंथ पुन्हा वाचून आमचे एवढेच मत झाले आहे की, श्रद्धेच्या ग्रंथाकडे स्वास्थ्याची हमी मागू नये. ते ग्रंथ त्यासाठी झालेलेच नाहीत. ते कोणीतरी कोणाला तरी वाचून दाखविले, सांगितले, ऐकविले, यातून झाले आहेत, आणि त्यांचे सामर्थ्यही तेथेच आहे. सहकाऱ्याचे मन उदास दिसले म्हणजे त्याच्या हातात एक पुस्तक ठेवून आपण निघून जातो. पुस्तक द्यावे, पण नंतर त्याच्याजवळ थोडे बसावे.

आमचे वडील साताऱ्यास एकटे आहेत. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. गेल्या आषाढापासून रोज रात्री नऊ वाजता आम्ही त्यांना दूरध्वनीवरून ‘गीताप्रवचने’ची तीन-चार पाने वाचून दाखवितो. झोप पूर्वीपेक्षा बरी येते. ती वाचनाने की औषधाने, हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. वडील कट्टर टिळकपक्षाचे. परवा पाचव्या अध्यायातील संन्यासाची थोरवी ऐकून ते म्हणाले, “हे विनोबांचे मला पटत नाही. लोकमान्यांनी याला उत्तर देऊन ठेवले आहे. उद्या ‘गीतारहस्य’ काढ.” ग्रंथ जाडजूड आहे, आमच्या हिशेबाने दोन वर्षे पुरेल.